हरणवाडीचं उघडं गाणं

पाटोदा, ३ फेब्रुवारी २०२५

बंकट,

वर 'तीर्थरूप' घालावं का 'चिरंजीव', ह्याच्यात माझा एक कागद वाया गेला. तू वयानं माझ्याहून थोडा मोठा आन अकलेनं लई लहान, म्हणून निस्तं नाव लिवलंय. फोन तू उचलत न्हाईस. परमेश्वरला लावला तर त्यो म्हनतो, काका, बाबा झोपलेत. सकाळी बी झोपलेत आन दुपारी बी झोपलेत. लेकाला तुझ्यासाठी खोटं बोलाया लावतोस, शोभतं का बे हे? पोस्टमन कागद हातात देतो आन कागदाला झोपलोय म्हणून सांगता येत न्हाई, म्हणून लिवाया बसलोय.

कामाचं इचारायचंय. दुसरं काई न्हाई, गैरसमज नको. लगीनसराई तोंडावर आलीय आन पारगावची सुपारी घेतलीय, लिंबागणेशची बी घेतलीय. ह्या दोन गावांत मागल्या बारीला आपण कुठं थांबलतो ते कळव.

पप्पू आठवतो का, माझ्या साडूचा? आता दोन लेकरांचा बाप हाय आन आपल्या बँजो पार्टीत पॅड वाजवतो. त्यानं मला बेजार केलंय. मोबाइलमधी गाणी ओळीनं लिवून आणतो आन म्हनतो, काका, हर गावात हीच वाजवू, लोकाला काय कळतंय. मी त्याला समोर बसवून सांगितलं, बाबा रे, आपल्या पार्टीत तसं न्हाई. गाव सोडताना जिथं थांबलो, पुढल्या बारीला त्या गावात तिथनंच पुढं जायचं. मंग ते गाव दुसऱ्या दिवशी बोलवू नायतर चार वरसांनी. गावात आपला एकच कार्यक्रम चालू असतो. मधल्या येळात लोकं ऊस तोडतात, मेंढरं राखतात, लेकरं वाढवतात, आन आपण आलो की पुढचं ऐकतात. पप्पू माझ्याकडं येड्यावाणी बघत राहिला. मंग म्हनला, आन कुठं थांबलतो हे ध्यानात कोण ठेवणार? मी म्हनलं, ठेवणारा परळीला झोपलाय.

दुसरं सांगितलं ते तर त्याच्या डोक्यावरनंच गेलं. एक गाणं उघडायचं. अर्ध्यात हलगीनं ठेका मोडला की त्याच्या पोटातनं दुसऱ्यात शिरायचं, तिथनं तिसऱ्यात, आन फिरून फिरून पयल्याच्या शेवटाला येऊन ते मिटवायचं. मधी कोणतं येणार हे आधी ठरवायचं न्हाई. हलगीवाला लोकांच्या पायांकडं बघतो, दमलेत का पेटलेत ते वळखतो आन ठेका बदलतो. बँजोवर म्या त्या ठेक्यात बसंल ते गाणं तिथल्या तिथं काढायचं. पप्पू म्हनला, चुकलं तर? मी म्हनलं, बंकट असताना कधी चुकलं न्हाई, मला एवढंच ठावं हाय.

तुझ्या जागी सिदूनं ढोल सोडून हलगी धरलीय. हात बरा हाय त्याचा. पण त्यो सारखा माझ्याकडं बघतो. हलगीवाल्यानं नाचणाऱ्याकडं बघायचं असतं, हे त्याला सांगून सांगून माझं तोंड दुखलं.

सत्यभामा तुला इचारती, गुडघा कसाय. मी इचारत न्हाई.

राधाकिशन

पाटोदा, २० फेब्रुवारी

बंकट,

तुझं कार्ड मिळालं. मी एवढा कागद भरून पाठवला आन वापस काय आलं, तर 'पारगाव, देवीचं, दोन कडवी झालीत. लिंबागणेश, लोळायचं. बंकट.' रामराम न्हाई, तब्येत न्हाई, अर्धं कार्ड कोरंच. सत्यभामा म्हनली, भाऊजी सरकारी नोकरीला लागले काय, नोटीस पाठवल्यावाणी लिवतात. पण खरं सांगू का, त्या कार्डात वाचण्यासारखं काई नसताना मी ते लई येळा वाचलं.

पारगावला देवीच्या तिसऱ्या कडव्यापासून सुरू केलं. अर्धी गल्ली गेलो आसंन तर पानटपरीवाला म्हातारा, त्यो एका डोळ्याचा, उठून टेम्पोला आडवा आला. मला वाटलं, आता काय भानगड. त्यो म्हनला, तिसऱ्या कडव्याला एवढे दिवस लावलेत व्हय रे? पप्पूच्या हातातनं काडीच गळाली. मी त्याला म्हनलं, बघ, तुझ्या लोकाला काय कळतंय ते. मंग त्या म्हाताऱ्यानं सिदूकडं बघितलं आन मला हळूच इचारलं, बंकट मेला का काय? मी सांगितलं, न्हाई, परळीत हाय, फकस्त जिता असल्याची खबर देत न्हाई.

लिंबागणेशला माझी लई पंचाईत झाली. नवरदेव गणपतीच्या दारातनं निघणार आन आपला नियम म्हनतो, लोळायच्या, नागिणीच्या गाण्यापासून सुरू करा. आता देवळासमोर पोरं सापावाणी लोळायला लागली आसती तर पुजाऱ्यानं मला तिथंच धरलं आसतं. मी इचार केला, बंकटनं काय केलं आसतं? सिदूला म्हनलं, ठेका त्योच ठेव, पण एकदम धीमा कर. त्या धीम्या ठेक्यावर मी गणपतीचं लावलं. देऊळ मागं पडलं तसा ठेका वाढवत नेला, आन कोपऱ्यावर वळलो तवा लोळायचं आपोआप वर आलं. नियम बी राहिला आन देव बी राहिला. हे तुला सांगायचं व्हतं, म्हणून त्या दिवशी घरी आल्यावर झोपच लागंना. बायकोला सांगितलं तर ती म्हनली, बरं.

काम बरं चाललंय. पप्पू बी शिकतोय. काळजीचं काई न्हाई.

एप्रिलमधली एक तारीख घेतलीय. गावाचं नाव पुढल्या पत्रात सांगतो. तू आधी नीट जेवतोस का ते लिव, कार्डावर जागा शिल्लक ऱ्हाती.

राधाकिशन

पाटोदा, १२ मार्च

बंकट,

गाव हरणवाडी हाय. कागद फाडू नको, पुढं वाच.

त्या दिवसाचं तू कुणाला बोलू देत न्हाईस. समोर बसलो आसतो तर तू उठून गेला आसतास. कागदावरनं उठून जाता येत न्हाई, म्हणून आज मी सगळं लिवणार हाय.

भगवानरावच्या नातवाचं लगीन व्हतं. आपण मेंढरांचं गाणं उघडलं, तुझा आजा माळावर मेंढरं वळवताना म्हनायचा ते. भगवानराव म्हनजे हरणवाडीचा कारभारी माणूस, भांडणं मिटवणारा. त्याला हसताना आख्ख्या गावात कुणी बघितलं नव्हतं. त्यो पोरांना बाजूला सारत मधी आला, फेट्याचा शेव कमरेला खोचला आन नाचाया लागला. सगळं गाव बघत राहिलं. तू ठेका वाढवला, त्यो बी वाढला. तू आणिक वाढवला. मंग त्यो खाली बसला, आमाला वाटलं दम घेतोय, पण त्यो पुना उठला न्हाई. गाणं तिथंच तुटलं. बीडच्या दवाखान्यातनं निरोप आला तवा तू मला एकच बोललास, 'राधाकिशन, मी ठेका वाढवाया नको व्हता.'

त्याच हप्त्यात तू परळीला लेकाकडं गेलास. दोन हंगाम होऊन गेले. डॉक्टरनं त्याच्या घरच्यांना आधीच सांगितलं व्हतं की काळीज खराब हाय, जपा. हे मी तुला सांगितलं, सिदूनं सांगितलं, तुझ्या लेकानं सांगितलं. तुझ्या मनानं काय घेतलं न्हाई. तू मनाशी धरलंस की भगवानरावला तुझ्या हलगीनं मारलं.

आता ऐक. मागल्या महिन्यात रामेश्वर, भगवानरावचा लेक, स्वतः माझ्या दारात आलता. त्याच्या पोरीचं, धनश्रीचं, लगीन ठरलंय, वीस एप्रिलला. म्हनला, आमाला बीडचा डीजे सांगायचा व्हता. पण आई आडून बसलीय, त्या दिवशी जी पार्टी व्हती तीच पायजे, दुसरी दारात उभी करायची न्हाई. मी इचारलं, कावून म्हनतात मावशी तसं? त्यो म्हनला, ते आमाला बी सांगत न्हाई ती.

भगवानरावची भिवराबाई आपल्याला कशाला बोलावतीय ते देवाला ठावं. चार लोकात शिव्या घालाया बोलावतीय का, ते बी सांगता येत न्हाई. मी सुपारी घेतली खरी, पण आगाऊ दिलेले पैसे अजून मोडले न्हाईत. सत्यभामा म्हनती, भेताव तर घेतली कशाला. न्हाई म्हनायला तोंड उघडलं न्हाई माझं, दुसरं काय.

आन नियमाचं काय करायचं? आपल्या रीतीनं तिथं ते तुटलेलं गाणं आधी मिटवावं लागतंय. त्या घरासमोर तेच गाणं? मी ठरवलंय, त्या गावापुरता नियम मोडायचा आन गणपतीचं लावून नव्यानं सुरू करायचं. बरोबर हाय का चूक, तेवढं लिव.

आन तू ये. हलगी हातात घिऊ नको, निस्ता माझ्या बाजूला उभा ऱ्हा. शिव्या पडल्या तर दोघांनी खाऊ.

राधाकिशन

पाटोदा, ८ एप्रिल

बंकट,

महिना होत आला, तुझं कार्ड न्हाई. शिव्या तरी लिवून पाठव बे. आसा मुका माणूस म्या जिंदगीत बघितला न्हाई. तुझ्यासंग एका ताटात जेवलो, एका घोंगड्याखाली झोपलो, आन आता तुझी खबर मला तुझ्या सुनेकडनं घ्यावी लागतीय.

व्हय, स्वप्नाचा फोन आलता. तिच्यावर डाफरू नको, लेक लई गुणाची हाय. ती म्हनली, बाबा पत्रं वाचतात, उशीखाली ठेवतात. म्हनली, जेवताना त्यांची बोटं ताटाच्या काठावर वाजाया लागतात, मंग ध्यानात आलं की हात मांडीखाली दाबून बसतात आन भाकर तशीच ऱ्हाती. हे ऐकून मी फोन सत्यभामाच्या हातात दिला आन अंगणात जाऊन उभा राहिलो.

मागं तुला लिवलं की काम बरं चाललंय. ते खरं न्हाई. मागल्या तीन लग्नांत मी पप्पूच्या मोबाइलमधली गाणी वाजवली, एकापुढं एक, त्यानं लिवली तशी. लोकं नाचली. कुणी नाव ठेवलं न्हाई. पण मला पुढचं गाणं आधीच ठावं असायचं, आन मंग वाजवताना माझं ध्यान जेवणाच्या पंगतीकडं जायचं. तुझ्यासंग वाजवताना तसं कधी झालं न्हाई. तू कुठं वळशील ह्याचा भरवसा नव्हता, त्यामुळं आख्खा जीव कानात ठेवावा लागायचा. मला तुझी लई याद येते बंकट. लिवून टाकलं, आता हस.

वीस तारखेला सकाळी टेम्पो निघंल. परळी-बीड पहिली एसटी धरलीस तर हरणवाडी फाट्यावर येळेत पोचतोस, मी तिथं थांबतो.

राधाकिशन

पाटोदा, २३ एप्रिल

बंकट,

तू आला न्हाईस. मी टेम्पो फाट्यावर उभा करून वाट बघितली, सिदू चिडला तरी बघितली. तू न आल्याचा राग मला आलता, आता न्हाई. आता जे झालं ते सांगतो, नीट बसून वाच.

मी सिदूला आन पप्पूला घरनं निघताना बजावलं व्हतं, गणपतीचं. फाट्यावर बजावलं, गावात शिरताना बजावलं. नवरदेव मारुतीच्या दर्शनाला निघाला, टेम्पो चौकात उभा राहिला, भगवानराव खाली बसला त्याच लिंबाखाली. आन सिदूनं हलगीवर काडी टेकवली ती मेंढरांच्याच ठेक्यात. त्याला दोष देऊ नको. लाज वाटती सांगायला, पण माझी बोटं बी सरळ त्याच गाण्यावर गेली, आन ती बी सुरुवातीला न्हाई, जिथं तुटलं व्हतं तिथंच. इतक्या वरसांची सवय, गाव बघितलं की हात आपोआप मागल्या जागेवर जातात. गणपती कुणाच्या ध्यानातच राहिला न्हाई.

चार सूर वाजले तवा मला कळलं आपण काय केलं. बायकांचा कालवा एकदम बंद झाला. रामेश्वर हात वर करून पळत आला. नवरदेवाकडच्या लोकाला काईच कळंना, ते निस्ते एकमेकांकडं बघाया लागले. मी बँजोवर पालथा हात ठेवला.

भिवराबाई मांडवातनं आली. वाकलीय आता, पण चाल तशीच हाय. माझ्यासमोर येऊन उभी राहिली आन म्हनली, थांबलात कावून? मी म्हनलं, मावशी, गलती झाली, पाया पडतो. ती म्हनली, 'गलती कशाची? इथंच तर थांबलं व्हतं.'

बंकट, तिला ठावं व्हतं. आपला नियम आपण कधी कुणाला सांगितला न्हाई, पण ती बाई रामेश्वरच्या लग्नापासनं आपल्याला ऐकतीय. तिनं आपल्याला त्या गाण्यासाठीच बोलावलं व्हतं.

मंग तिनं सिदूकडं बघितलं आन इचारलं, त्यो हलगीवाला कुठाय? मी सांगितलं, परळीत हाय, त्यानं वाजवणं सोडलं. ती म्हनली, का म्हणून? मी काई झाकलं न्हाई. म्हनलं, मावशी, त्याच्या मनानं घेतलंय की त्यानं ठेका वाढवला म्हणून मालक गेले. रामेश्वर मला गप्प करत व्हता, पण मी बोललो. भिवराबाई टेम्पोच्या फळीवर बसली. मंग जे बोलली ते जसंच्या तसं लिवतो.

'आमचे मालक आख्ख्या संसारात कधी नाचले न्हाईत. आमच्या लग्नात न्हाई, रामेश्वरच्या लग्नात न्हाई. त्या दिवशी नाचले. मी बायकांत मागं उभी व्हते, मला निस्ती त्यांची पाठ दिसली. तोंड हलगीवाल्याकडं व्हतं. ते हसत व्हते का, काय करत व्हते, मला कुणी सांगत न्हाई. इचारलं की सगळे रडाया लागतात. मला रडणं नको हाय बाबा. मला त्यांचं तोंड कसं दिसत व्हतं, तेवढं पायजे.'

मंग ती उठली, पदर खोचला आन म्हनली, हे गाणं उघडंच ऱ्हाऊ द्या, पोरीचं लगीन हाय, दुसरं काईतरी वाजवा. तवा मी गणपतीचं लावलं. मिरवणूक मारुतीपर्यंत चांगली गेली, सिदूनं पयल्यांदा लोकांच्या पायांकडं बघून ठेका मोडला आन मी त्याच्यामागं तीन गाणी फिरून आलो. तू बघायला पायजे व्हतंस.

जेवणं झाल्यावर तिनं मला बोलावून तुझा पत्ता इचारला. मी दिला. अठ्ठावीस तारखेला सोमवार हाय. धनश्रीला आन जावयाला घिऊन ती वैजनाथाच्या दर्शनाला येणार, आन दर्शन झालं की तुझ्या घरी. रामेश्वरची जीप हाय, मी बी संग हाय. बँजो आणत न्हाई, गाण्याचं मागनं बघू. तिनं मला बजावलं, त्याला आधी कळवू नको, त्यो पळून जाईल. मी म्हनलं, मावशी, त्यो पळणार न्हाई. आन तरी तुला कळवतोय, बीडला जाऊन स्पीड पोस्टानं टाकतोय, कारण तुला आठवाया येळ लागंल आन तिला खोटं सांगून चालणार न्हाई.

मला इचारू नको. मी त्या वक्ताला बँजोच्या तारांकडं बघत व्हतो. सिदू ढोलावर वाकला व्हता, रामेश्वर नवरदेवाजवळ व्हता, गाव सगळं पाठीमागं व्हतं. भगवानरावच्या समोर तू एकला व्हतास. दोन वरसं तू ज्या तोंडापासनं पळतोयस, ते तिला बघायचंय. तिला सांग.

राधाकिशन